कार्बोरेटर उघडलेत, आता पॅकिंग आणि ओरिंगा कुठल्या घ्यायच्या? (जुन्या बाइक्स)

गौरी_के

नमस्कार मंडळी, दोन जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर एकदमच कामाला घेतलेत. एक ब्रिटिश सिंगल आहे, तिला अमलचा कॉन्सेंट्रिक मार्क १, ९३०. दुसरी सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची होंडा ट्विन, तिला कीहिनचे दोन सीव्ही कार्ब (व्हॅक्यूमने स्लाइड उचलणारे). दोन्ही उघडून झालेत, फोटो काढून ठेवलेत, प्रत्येक कार्बचे पार्ट वेगळ्या डब्यात आहेत. आता अडलंय ते सामानावर. रिपेअर किट म्हणून जी पाकिटं मिळतात त्यात जेट, नीडल, ओरिंग, पॅकिंग सगळंच असतं, आणि त्याच कार्बसाठीच्या दोन पाकिटांत पॅकिंगची जाडी वेगळी, ओरिंगचा रंग वेगळा. कुणी म्हणतं व्हायटॉनच घ्या, कुणी म्हणतं साधं नायट्राइल चालतं, कुणी म्हणतं थोडं सिलिकॉन लावा म्हणजे गळणारच नाही. बाउलचं पॅकिंग किती जाड हवं हेही कळत नाहीये. अनुभवी लोकांनी जरा सविस्तर सांगा.

जुना_मिस्त्री

गौरीताई, फोटो आणि डबे हे काम निम्मं झालं समजा. माझं मत आधीच सांगतो, किटमधलं रबर आणि कागद घ्या, पितळ मात्र गाडीचं मूळचंच ठेवा. मूळ जेट, मूळ नीडल, मूळ नीडल जेट, इमल्शन ट्यूब यातलं काही फेकू नका. जेट वर्षानुवर्षं तसेच राहतात, त्यांच्यातून फक्त पेट्रोल जातं, झीज होते ती नीडल आणि नीडल जेटची कारण त्या दोघांचं सतत एकमेकांना घासणं चालू असतं. मूळ पार्टच्या मापाला किटमधला पार्ट जुळतोच असं नाही, आकडा तोच असतो पण भोक तेच असेल याची खात्री नाही.

आता पॅकिंग. इथे तुमचे दोन कार्ब अगदी वेगळे आहेत आणि ही गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. कीहिनमध्ये फ्लोट वरच्या बॉडीला लटकतो, फ्लोट व्हॉल्व्हची सीटसुद्धा बॉडीतच. म्हणजे पेट्रोलची पातळी ठरते ती बॉडीच्या हिशोबाने, खाली बाउलचं पॅकिंग थोडं जाड पातळ झालं तर पातळीला फरक पडत नाही, फक्त गळायला नको. कॉन्सेंट्रिकमध्ये उलटं आहे. फ्लोटची पिन बाउलमध्ये, सीट बाउलमध्ये, पेट्रोल येतं तेही बाउलमध्येच, आणि जेट मात्र वरच्या बॉडीला लावलेले. मग पॅकिंग जाड घातलं की अख्खा बाउल जेटपासून तेवढा खाली सरकतो आणि त्याच्याबरोबर पेट्रोलची पातळीही. कुणी गळतंय म्हणून दोन पॅकिंग एकावर एक घालतं आणि मग गाडी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) का चालते, गरम झाल्यावर का फटफटते म्हणून मेन जेट मोठा करत बसतं. कॉन्सेंट्रिकला मूळच्या जाडीचं एकच पॅकिंग. जुनं पॅकिंग अखंड निघालं असेल तर बोल्टखाली दबलेल्या जागी मोजू नका, जिथे दाब कमी होता तिथे व्हर्नियरने मोजा.

अजून एक, नवीन पॅकिंग बाउलवर ठेवून आतली कड बघा. ती आत डोकावत असेल तर फ्लोटला लागते, फ्लोट अडकतो आणि कार्ब ओव्हरफ्लो होतो, आणि आपण बिचाऱ्या नीडल व्हॉल्व्हला दोष देतो.

सिलिकॉन अजिबात नको. पेट्रोलमध्ये ते फुगतं, मऊ होतं, त्याचे तुकडे सुटून नेमके पायलट जेटमध्ये जाऊन बसतात. पृष्ठभाग सपाट असेल तर बाउलला कुठल्याच सीलंटची गरज नसते.

गौरी_के

हे कॉन्सेंट्रिकचं पातळीचं लक्षातच आलं नव्हतं, आत्ता जाऊन बघितलं, खरंच फ्लोट बाउलमध्येच बसलाय! किटमधलं पॅकिंग जुन्यापेक्षा डोळ्यांनाच जाड दिसतंय. आणि मेन फ्लँजला (कार्ब इंजिनवर बसतो ती बाजू) खाचेत ओरिंग आहे, ती अगदी चपटी होऊन गेलीय. ती कुठल्या मापाची घ्यायची?

सील_आणि_रिंग

माझा रोजचा कामधंदाच सीलचा आहे म्हणून जरा लांब लिहितो, चालवून घ्या.

पहिली गोष्ट, जुन्या ओरिंगचं माप घेऊन नवी आणायची नाही. जुनी चपटी झालेली असते, किंवा पेट्रोलने फुगलेली असते, किंवा कोरडी पडून मूळच्यापेक्षा लहान झालेली असते (पेट्रोल रबरातलं प्लास्टिसायझर ओढून घेतं, मग वाळल्यावर रिंग आकसते आणि कडक होते). माप खाचेचं घ्या. खाचेची खोली, रुंदी, आतला व्यास. मग जाडी अशी निवडायची की आवळल्यावर रिंग साधारण १५ ते ३० टक्के दबली पाहिजे. समजा खाच १.४५ मिमी खोल आहे. १.७८ मिमीची रिंग घातली तर १८ टक्क्यांच्या आसपास दबेल, १.९ ची घातली तर २४ टक्क्यांच्या आसपास, दोन्ही चालतील. पण २.४ ची घातली तर जवळजवळ ४० टक्के दाबावी लागते, तेवढं ती दबत नाही, आणि रबराला आकारमान कमी करता येत नाही, ते फक्त बाजूला पसरतं, खाचेत जागा नसेल तर मग जे काही वाकायचं ते धातूला वाकावं लागतं. १.७८ आणि २.६२ या अमेरिकन एएस ५६८ मापातल्या जाड्या, १.९ आणि २.४ या जपानी पी सीरिजमधल्या. जपानी कार्बला आधी जपानी माप बघा, म्हणजे शोधाशोध कमी.

आता मटेरियल.

नायट्राइल म्हणजे एनबीआर, साध्या पेट्रोलला उत्तम, थंडीतही लवचिक राहतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये फुगण्याचं प्रमाण वाढतं, चांगल्या ग्रेडचं असेल तर तरीही निभावतं. व्हायटॉन हे एका कंपनीचं नाव आहे, मटेरियल म्हणजे एफकेएम. इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये ते कमी फुगतं, उष्णता २०० अंशांपर्यंत सहन करतं, पण शून्याच्या बरंच खाली गेलं की ताठ होतं. जिथे रिंग कायम पेट्रोलमध्ये बुडालेली असते तिथे मी एफकेएमच घालीन. फ्लोट व्हॉल्व्हचं टोकसुद्धा एफकेएमचं असेल तर बरं.

सिलिकॉनच्या रिंगा पेट्रोलला नको. आणि ईपीडीएम तर मुळीच नको, ते ब्रेक ऑइलसाठीचं रबर आहे, पेट्रोलमध्ये प्रचंड फुगतं. धोका हा की ईपीडीएम आणि नायट्राइल दोन्ही काळी, दिसायला सारखीच. म्हणून मिक्स रिंगांचा जो मोठा डबा मिळतो त्यावर मटेरियल लिहिलेलं नसेल तर त्यातली रिंग कार्बमध्ये घालू नका.

रंगावरून एफकेएम ओळखता येत नाही. तपकिरी किंवा हिरवी असते असं म्हणतात, पण रंग कुठल्याही रबराला देता येतो आणि एफकेएम काळंही मिळतं. वजनाने मात्र कळतं, एकाच मापाच्या दोन रिंगा काट्यावर ठेवल्या तर एफकेएमची नायट्राइलपेक्षा साधारण दीडपट भरते. जाळून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, एफकेएम जळलं की अतिशय विषारी धूर निघतो.

आणि शंका असली तर एक रिंग काचेच्या बाटलीत, आपण गाडीत टाकतो त्याच पेट्रोलमध्ये बुडवून ठेवा, झाकण घट्ट, विस्तवापासून लांब. दोन-चार दिवसांनी काढून जाडी मोजा. थोडी फुगली तर हरकत नाही, मऊ लिबलिबीत झाली किंवा बोटाला काळं लागलं तर ती बाद.

टू_स्ट्रोक_नाद

मिस्त्रीकाका, पितळ मूळचंच ठेवा हे सरसकट पटत नाही. कित्येक जुन्या गाड्यांत आधीच्या कुणीतरी जेट तारेने कोरून मोठे केलेले असतात, नाहीतर भलत्याच कार्बचे बसवलेले असतात. मूळचं म्हणून जे हाती आलंय ते मूळचं आहे कशावरून? मी तर नवे जेट घालतो आणि तिथून ट्यूनिंग सुरू करतो.

जुना_मिस्त्री

मुद्दा बरोबर आहे, म्हणून आधी आकडा वाचायचा, भिंगाने भोकाची कड बघायची, ओरखडे दिसले किंवा भोक अंडाकृती झालेलं असेल तर तो जेट गेला. तेव्हा नवा घ्यायचाच. पण नवा घ्यायचा तो त्या कार्ब बनवणाऱ्याचा, सुटा, किटमधला नाही. कारण आकड्यांची भाषा प्रत्येकाची वेगळी. कीहिनचा आकडा साधारण भोकाचा व्यास सांगतो, १०५ म्हणजे १.०५ मिमी. अमलचा आकडा मिनिटाला किती सीसी पेट्रोल जातं त्यावर. मिकुनीच्या मोठ्या षटकोनी जेटचाही आकडा प्रवाहावरच. म्हणजे एकाचा १५० आणि दुसऱ्याचा १५० यांचा एकमेकांशी संबंध नाही. आणि फरक लहान वाटतो पण असत नाही, १.०५ चं भोक १.१० झालं तर क्षेत्रफळ जवळजवळ १० टक्क्यांनी वाढतं. जेटमधून तार फिरवणाऱ्याने हा हिशोब एकदा करून बघावा.

नीडलबद्दल तर मी अजूनच कडक आहे. तिचा उतार कुठे सुरू होतो, किती आहे, हे डोळ्याला दिसत नाही, आणि पाव ते पाऊण थ्रॉटलपर्यंत गाडी तिच्यावरच चालते. मूळ नीडल सरळ असेल, मधे घासल्याची चमकदार पट्टी नसेल, तर तीच परत घाला.

टू_स्ट्रोक_नाद

सुटा आणि त्याच मेकचा, हे मान्य. नीडलचंही मान्य.

अण्णा_सातारकर

पॅकिंग घरी कापायचं असेल तर कागद कुठला? माझ्या कार्बचं पॅकिंग मिळतच नाही.

जुना_मिस्त्री

अण्णा, कापा की, बिनधास्त. कागद घ्यायचा तो पेट्रोल आणि ऑइलसाठीचा, सेल्युलोज किंवा अरामिड फायबर आणि त्यात नायट्राइलचा बाइंडर असलेला. जाडी जुन्यावरून ठरवा, बाउलला ०.५ मिमीच्या आसपासचा बहुतेक ठिकाणी जमतो. खोक्याचा पुठ्ठा नको, तो पेट्रोल पितो आणि त्याची धूळ जेटमध्ये जाते. कॉर्क हवाच असेल तर नायट्राइल मिसळलेला, आणि तोही जिथे पृष्ठभाग खडबडीत आहे आणि जाडीने काही बिघडत नाही अशा ठिकाणी.

कापताना आधी बोल्टची भोकं पाडायची, मग बाहेरची कड. उलटं केलं तर कागद सरकतो आणि भोकं कडेला जातात. भोकाला पोकळ पंच, खाली लाकडाचा आडवा कापलेला ठोकळा. कागदावर हातोडीने टकटक करून थेट बाउलच्या कडेवर पॅकिंग कापायची जुनी पद्धत आहे ती इंजिनच्या बिडाच्या पार्टला ठीक, कार्बच्या जस्ताच्या कडेवर नको, कड दबते. त्यापेक्षा कडेला हलकं ग्रीस लावा, कागदावर ठसा घ्या, आणि ठशावरून कात्रीने आणि धारदार ब्लेडने कापा. बॉडीतून बाउलमध्ये जाणारे हवेचे आणि पेट्रोलचे छोटे मार्ग असतात त्यांची भोकं कागदात आली का ते शेवटी मोजून बघा. एक जरी राहिलं तर गाडी स्लोला (थ्रॉटल सोडल्यावर) उभी राहणार नाही आणि कारण शोधता शोधता जीव जाईल.

खूप जुन्या गाडीचं चिकटलेलं पॅकिंग खरवडताना मात्र सांभाळा. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करा, प्लास्टिकच्या पट्टीने काढा, कोरडं घासू नका आणि हवा मारून उडवू नका.

स्मिता_रेंच

गौरी, फ्लँजची ओरिंग बदलायच्या आधी फ्लँजच सपाट आहे का बघ. कॉन्सेंट्रिकचं हे जुनं दुखणं. दोनच नट असतात, कुणीतरी जीव खाऊन आवळलेले असतात, फ्लँजचे कान इंजिनकडे वाकतात, आणि त्या ताणाने बॉडी अंडाकृती होऊन स्लाइड (थ्रॉटलबरोबर वरखाली होणारा भाग) अडकायला लागते. स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडासमोर बघ. फट दिसली तर जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकारात हलक्या हाताने घास. खाचेची खोली त्यामुळे कमी होते, म्हणून वर सील दादांनी सांगितलं तसं घासून झाल्यावरच खाच मोज आणि मग रिंग आण. आधी आणलीस तर जास्त जाड होईल आणि परत फ्लँज वाकेल.

इंजिन आणि कार्बच्या मधे फायबरचा किंवा टफनॉलचा उष्णता अडवणारा स्पेसर असेल तर तोही दोन्ही बाजूंनी सपाट आहे का बघ, आणि तो काढून टाकू नकोस. त्याच्या जागी साधं कागदी पॅकिंग घातलं तर कार्ब इतका तापतो की बाउलमधलं पेट्रोल उकळायला लागतं.

गौरी_के

स्मिताताई, फट आहे! दोन्ही कडांना पट्टी टेकते आणि मधोमध उजेड दिसतो. घासते मग. दोन्ही कार्ब साफ करायला काय वापरू? ॲसिड किंवा व्हिनेगरमध्ये बुडवा असं एकाने सांगितलंय.

स्मिता_रेंच

ॲसिड नको आणि व्हिनेगरही नको. अमलची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, आणि जस्ताला ॲसिड खातं, व्हिनेगरसुद्धा. वरून काळपट पडतं आणि आतल्या मार्गांत पांढरी पूड तयार होते. अल्कलीवाल्या क्लीनरनेही जस्त आणि ॲल्युमिनियम काळं पडतं, म्हणून अल्ट्रासॉनिकमध्ये टाकणार असशील तर पाणी ॲल्युमिनियमसाठीच्या लिक्विडचं, आणि थोडा थोडा वेळ, मधे बाहेर काढून बघत.

कार्ब क्लीनरचा स्प्रे चालेल पण आधी सगळं रबर बाहेर. सीव्हीच्या स्लाइडचा डायफ्राम तर चुकूनही स्प्रेखाली येऊ देऊ नकोस, तो फुगतो, वेडावाकडा होतो आणि खाचेत बसत नाही. त्याला फक्त कोरडं मऊ कापड. मग उजेडासमोर धरून हलकेच ताणून बघ, सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी त्या बाजूची स्लाइड नीट उचलणार नाही.

कॉन्सेंट्रिकचा पायलट जेट बहुतेक बॉडीतच ठोकून बसवलेला असतो, बाहेर निघत नाही. पायलट एअर स्क्रू काढला की त्याच भोकातून सरळ आत तो लागतो. त्याचं माप ०.०१६ इंच म्हणजे ०.४ मिमी, ७८ नंबरचं ड्रिल. ते ड्रिल मशीनला लावायचं नाही, एका बारीक नळीच्या टोकाला चिकटवून बोटांनी फिरवत न्यायचं, कोरायचं नाही, फक्त साका काढायचा. मग एअर स्क्रूच्या भोकातून स्प्रे मार, आणि आत बोअरमध्ये स्लाइडजवळ जी दोन छोटी भोकं आहेत त्या दोन्हींतून धार आली पाहिजे. डोळ्यांना चष्मा लाव, ती धार थेट तोंडावर येते.

सील_आणि_रिंग

स्मिताताईंच्या स्प्रेच्या मुद्द्याला जोडून, कार्ब क्लीनरमध्ये बऱ्याचदा ॲसिटोन असतं आणि एफकेएमला ॲसिटोन चालत नाही. पेट्रोलला एवढं दणकट असलेलं मटेरियल ॲसिटोनमध्ये काही वेळातच फुगतं. त्यामुळे नव्या महागड्या रिंगा घालून जोडणी झाल्यावर वरून स्प्रे मारत बसू नका. स्वच्छता आधी पूर्ण, पार्ट पूर्ण कोरडे, आणि रबर सगळ्यात शेवटी, एक थेंब इंजिन ऑइल लावून.

नट_बोल्ट_७

होंडाचे बाउलचे स्क्रू दिसायला साधे फिलिप्स वाटतात पण जपानी जेआयएसचे आहेत. फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण खाली टेकत नाही आणि जोर लावला की वर उसळून डोकं खातो. जेआयएसचा ड्रायव्हर घ्या, तो इतर कुठल्याही पार्टपेक्षा आधी घ्या.

अण्णा_सातारकर

पितळी फ्लोटला भोक आहे का ते कसं ओळखायचं?

जुना_मिस्त्री

आधी कानाजवळ हलवा, आत पेट्रोल डुचमळलं तर भोक आहेच. नाहीतर गरम पाण्यात पूर्ण बुडवा (पाणी शेगडीवरून उतरवलेलं, जवळपास ज्योत नको), आतली हवा तापून फुगते आणि भोकातून बुडबुडे येतात. तिथे खूण करा. आतलं पेट्रोल पूर्ण गेल्याशिवाय झाळायला घेऊ नका, भडका उडतो. झाळ कमीत कमी, कारण फ्लोटचं वजन वाढलं की तो खोल बुडतो आणि पातळी वर जाते.

कॉर्कचा फ्लोट असेल आणि त्यावर शेलॅक असेल तर इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये तो टिकणार नाही, शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं. कॉन्सेंट्रिकला इथेनॉलला दाद न देणारा नवा फ्लोट मिळतो, तो घ्या.

आणि सगळ्यांनाच सांगतो, टाकीपासून कार्बपर्यंतचा पाइप नवा घ्या. त्यावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं असेल तर आतला थर फ्लोरो रबरचा असतो. कॉकची कॉर्क आणि जाळी बघा. बाउल चकाचक करून त्यात जुन्या पाइपचा काळा भुगा सोडण्यात काय अर्थ आहे?

गौरी_के

अपडेट देते. अमल झाला, फ्लँज सपाट, १.७८ ची एफकेएम रिंग, पातळ पॅकिंग, नवा फ्लोट. नट हलकेच आवळले, स्लाइड स्वतःच्या वजनाने खाली पडते. गाडी सुंदर स्लो घेते!

होंडा मात्र अडलीय. डावा कार्ब ठीक, उजवा पायलट स्क्रूला दादच देत नाही, पूर्ण आत घातला काय, तीन फेरे बाहेर काढला काय, काही फरक नाही. पायलट जेट स्वच्छ आहे, आरपार उजेड दिसतो. डायफ्राम ठीक आहे. इनटेकच्या रबरांवर स्प्रे मारून बघितला, रेस बदलत नाही.

स्मिता_रेंच

पायलट स्क्रू काढलास तेव्हा त्याच्याबरोबर काय काय बाहेर आलं? स्क्रू, स्प्रिंग, छोटा वॉशर आणि छोटी ओरिंग असे चार पार्ट असायला हवेत.

गौरी_के

फोटो बघितले. डाव्यातून चारही आलेत. उजव्यातून फक्त स्क्रू आणि स्प्रिंग. नवा वॉशर आणि नवी रिंग घातलीय मात्र दोन्हीकडे.

स्मिता_रेंच

मग उजव्याचा जुना वॉशर आणि जुनी रिंग अजून भोकाच्या तळाशी बसलेत, आणि त्यांच्यावर नवीन जोडी चढलीय. त्यामुळे स्क्रूचं टोक सीटपर्यंत पोचतच नाहीये. टॉर्च लावून बघ, तळाशी वॉशरची चमक दिसेल. पितळी तारेचं टोक वाकवून बारीक आकडा कर, वॉशर आणि रिंग दोन्ही वर ओढ. स्टीलची सुई नको, सीट ओरखडते. परत घालताना क्रम: स्क्रूवर आधी स्प्रिंग, मग वॉशर, शेवटी ओरिंग, म्हणजे भोकात ओरिंग सगळ्यात आत जाते. वॉशर विसरलीस तर स्प्रिंग रिंगेला कापते.

गौरी_के

निघालं!! वॉशर आणि दगडासारखी कडक झालेली रिंग, दोन तुकड्यांत. आता उजवा स्क्रू अर्धा फेरा फिरवला तरी इंजिनचा आवाज बदलतो. एकच राहिलं, मधे बाउल परत उघडला तेव्हा त्याची रबरी रिंग फुगून खाचेपेक्षा लांब झालीय, बसतच नाहीये. नवी आणू का?

सील_आणि_रिंग

लगेच नको. उघड्या हवेत एक-दोन दिवस सावलीत ठेवा, आत शिरलेलं पेट्रोल उडून गेलं की बहुतेक वेळा मापात येते. आली आणि बोटाने दाबल्यावर परत वर उठली तर तीच घाला. आकसून लहान झाली किंवा वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या तर मात्र बदला. आणि पुढच्या वेळी ट्यूनिंगसाठी बाउल वारंवार उघडायचा असेल तेव्हा जुनी रिंग कामचलाऊ म्हणून ठेवा, नवी शेवटच्या जोडणीला.